काकांच्या ट्रंकेतील सायक्लोस्टाइल अंक आणि सुपरहिरो कॉमिक्सचा इतिहास: जाणकारांनी मार्गदर्शन करावे

करवीरकन्या

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू असताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. ती माझ्या दिवंगत काकांची आहे. तिच्यात मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे शंभराहून अधिक अंक आहेत, रद्दीतून आणलेल्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकातून कापून घेतलेली फँटमची पाने आहेत आणि या सगळ्याच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले, फुलस्केप आकाराचे सहा पातळ अंक आहेत. हे सहा अंक काकांनी आणि त्यांच्या दोन-तीन मित्रांनी मिळून काढलेले दिसतात. त्यांवर १९७४ ते १९७७ ही वर्षे आहेत. चार अंक काळ्या शाईत सायक्लोस्टाइल केलेले आहेत, तर पहिले दोन जांभळट शाईत असून त्यांतील काही ओळी आता वाचताच येत नाहीत. अंकाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण काकांचे मित्र हयात असतील तर आधी त्यांना विचारणे मला योग्य वाटते.

अंकांतला मजकूर पाहून मी थक्क झाले. वेताळाच्या, म्हणजे मराठी इंद्रजालमधल्या फँटमच्या, कथांची क्रमवार यादी आहे. इंद्रजालच्या कोणत्या अंकात मूळ मालिकेतील कोणती चौकट गाळली आहे, याची वीकलीच्या पानांशी ताडून केलेली नोंद आहे. वाचकांची पत्रे आहेत. काकांनी वेताळाच्या चित्रकारांची नावे सापडत नसल्यामुळे त्यांना स्वतःच नावे दिली आहेत: एकाला ते ‘साध्या रेषेचा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘दाट सावल्यांचा’, आणि कोणती कथा कोणाची हे केवळ रेषेवरून ठरवतात. शेवटच्या अंकात ‘बहादूर’ या नव्या भारतीय नायकाचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले आहे. याखेरीज चौथ्या अंकापासून त्यांचा स्वतःचा एक नायक येतो. तो दिवसा मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम करतो, खाली मान घालून पट्टी लिहितो, आणि रात्री तोंडाला काळे फडके बांधून गुळाच्या काट्यात मारणाऱ्यांचा व सावकारांचा समाचार घेतो. चित्रे इतकी सफाईदार आहेत की काका एवढे उत्तम चित्र काढत होते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा अंकांना काय म्हणतात, जगात इतरत्र असे कोणी केले आहे काय, आणि सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात अशा घरगुती कागदांना काही स्थान आहे काय, हे मला समजून घ्यायचे आहे. वेताळाला सुपरहिरो म्हणावे की नाही याविषयीही घरात दोन मते आहेत. शिवाय जांभळी पाने दिवसेंदिवस फिकी होत आहेत, त्यांचे काय करावे हेही कृपया सांगावे.

जुनीपाने

ताई, प्रथम आपले अभिनंदन करतो, कारण असे कागद बहुतेक घरांत रद्दीच्या तराजूत जातात. आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. या अंकांना इंग्रजीत ‘फॅनझिन’ म्हणतात. हा शब्द रस शोव्हने या अमेरिकन रसिकाने १९४० मध्ये आपल्या अशाच एका अंकात प्रथम वापरला. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली. एकमेकांना कधीही न भेटलेले वाचक त्या पत्त्यांवरून आपापसांत लिहू लागले, त्यांची मंडळे झाली आणि १९३० मध्ये शिकागोच्या अशाच एका मंडळाने ‘द कॉमेट’ हा अंक काढला. पहिले फॅनझिन म्हणून सर्वसाधारणपणे त्याचेच नाव घेतले जाते.

आता सुपरहिरोकडे येतो. इतिहासात या घरगुती कागदांना स्थान आहे काय, असे आपण विचारता. खरे तर सुपरमॅन हे नावच अशा कागदावर जन्मले आहे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळकरी मित्र १९३२ पासून ‘सायन्स फिक्शन’ नावाचा सायक्लोस्टाइल केलेला अंक काढत असत. त्याचे पाचच अंक निघाले. जानेवारी १९३३ च्या तिसऱ्या अंकात सीगलने टोपणनावाने एक कथा लिहिली आणि शुस्टरने तिला चित्रे काढली. त्या कथेतला सुपरमॅन मात्र खलनायक होता. मंदीच्या काळात फुकट अन्नासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका बेकार माणसाला एक प्राध्यापक उचलून आणतो, त्याच्यावर औषधाचा प्रयोग करतो, त्याला अचाट मानसिक शक्ती मिळते, ती तो दुष्टपणाने वापरतो आणि शक्ती ओसरल्यावर पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. पुढे त्याच दोघांनी हे नाव नायकाला दिले आणि जून १९३८ असा महिना छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो जगासमोर आला. तेरा पानांच्या त्या कथेसाठी दोघांना मिळून १३० डॉलर मिळाले आणि त्यासोबत नायकावरचा हक्कही गेला. १९७५ मध्ये, बरीच ओरड झाल्यानंतर, कंपनीने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली.

दुसरा धागा संपादकांचा आहे. ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वाइझिंगर यांनीही कुमारवयात, १९३२ मध्ये, मित्रांसह ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हा हौशी अंक काढला होता. पुढे दोघेही डीसी कॉमिक्समध्ये संपादक झाले. १९५० च्या दशकात सुपरहिरो मागे पडले होते. १९५६ मध्ये श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात ‘फ्लॅश’ नव्या रूपात आला आणि तेथून सुपरहिरोंचा दुसरा बहर सुरू झाला. याच श्वार्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास आपल्या कॉमिक्समध्ये वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. पत्त्यांचे मोल त्यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः त्याच वाटेने आले होते.

त्याच सुमारास १९६१ चा मार्च महिना उजाडला. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवणारे जेरी बेल्स आणि मिझुरी राज्यातील त्यांचे पत्रमित्र रॉय थॉमस यांनी ‘ऑल्टर इगो’ हा सुपरहिरो कॉमिक्सला वाहिलेला अंक काढला. तोही आपल्या काकांच्या पहिल्या दोन अंकांसारखा जांभळ्या शाईत होता. थॉमस १९६५ मध्ये मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत लेखक म्हणून गेले आणि १९७२ मध्ये स्टॅन ली यांच्यानंतर तेथील मुख्य संपादक झाले. बेल्स मात्र आयुष्यभर हौशीच राहिले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात त्यांचे काम सर्वांत मोठे आहे. त्या काळी कॉमिक्सवर लेखक-चित्रकारांची नावे फारशी छापली जात नसत. बेल्स यांनी जुने अंक जमवले, त्यांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) घेतली, निवृत्त चित्रकारांना पत्रे लिहून कोणी काय काढले ते विचारले आणि १९७० च्या दशकात हेम्स वेअर यांच्यासह अमेरिकन कॉमिक्सच्या कलावंतांचा चार खंडांचा नामकोश प्रसिद्ध केला. कंपन्यांच्या दप्तरात जे नव्हते ते टपालाने गोळा झाले.

काका केवळ रेषेवरून चित्रकार ओळखत होते हे वाचून मला डॉनल्ड डकच्या कथा काढणाऱ्या कार्ल बार्क्स यांची आठवण झाली. त्यांचे नाव अंकावर नसे. वाचक त्यांना नुसते ‘बदकांचा चांगला चित्रकार’ म्हणत. अखेर १९६० मध्ये एका वाचकाने पत्रव्यवहार करून त्यांचे नाव शोधून काढले आणि आयुष्याची साठीच्या आसपासची वर्षे गाठलेल्या त्या माणसाला आपले कोणी चाहते आहेत हे तेव्हा कळले.

आणि एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमन आला, तेव्हापासून त्यावर एकट्या बॉब केन यांचे नाव होते. कथा लिहिणारे, पोशाखाची आणि व्यक्तिरेखेची घडण करणारे बिल फिंगर कोठेच नव्हते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक्स संमेलनात बेल्स यांनी फिंगर यांना पाहिले, त्यांची हकिकत ऐकली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सदस्यांपुरत्या निघणाऱ्या ‘कॅपा-अल्फा’ या हौशी संकलनात ती दोन पानांत लिहून काढली. केन यांनी संतापून तिचा इन्कार करणारे पत्र लिहिले. तेही एका हौशी अंकातच छापले गेले, ‘बॅटमेनिया’त. हा अंक मिझुरीतील अग्निशमन दलात नोकरी करणारे बिल्जो व्हाइट काढत असत. फिंगर १९७४ मध्ये वारले. बॅटमनच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव अधिकृतपणे आले ते २०१५ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न लावून धरला त्यांच्या हाती मूळ पुरावा म्हणून त्या दोन पानांचे लिखाण होते.

वेताळाविषयी थोडक्यात: ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत आला, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी. त्याच्याजवळ अलौकिक शक्ती नाही, पण अंगाला घट्ट बसणारा पोशाख, बुबुळे न दिसणारा मुखवटा आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गुप्त ओळख ही पुढच्या सुपरहिरोंची लक्षणे त्याच्याकडे आहेत. मी त्याला सुपरहिरोंच्या उंबरठ्यावरचा नायक म्हणेन.

शाईदौत

ताईंनी जांभळ्या शाईचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी एका शाळेत लेखनिक होतो आणि चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते, त्यामुळे हे दोन्ही प्रकार मी हाताने केलेले आहेत.

आपले पहिले दोन अंक आणि नंतरचे चार हे वेगवेगळ्या रीतीने निघाले आहेत आणि त्यांचे आयुष्यही वेगवेगळे आहे. जांभळ्या प्रकारात मूळ कागदाच्या पाठीवर रंगीत मेणकट थर उमटतो, त्यावर स्पिरिटने किंचित ओलावलेला कोरा कागद दाबला की थोडा रंग विरघळून त्यावर येतो. प्रत्येक प्रतीगणिक मूळ थर झिजतो, म्हणून शंभराच्या पुढे प्रती फिक्या होत जातात. ही शाई म्हणजे विरघळणारा रंग असल्यामुळे ती उजेडाने उडते. दिवाणखान्यात चौकट करून टांगली तर काही वर्षांत कोरा कागद उरेल.

काळ्या प्रकारात मेण लावलेल्या पातळ कागदाची, म्हणजे स्टेन्सिलची, मेणाची साय खरवडून अक्षरे काढतात आणि त्या फटींतून शाई खालच्या कागदावर उतरते. इंग्रजी मजकूर असेल तर टंकयंत्राची फीत काढून घेऊन नुसत्या खिळ्यांनी स्टेन्सिल कापत असू. मराठी टंकयंत्र थोड्याच ठिकाणी असे, त्यामुळे पुष्कळ जण टोकदार लोखंडी लेखणीने हातानेच लिहीत. चित्र काढणे तर फार अवघड होते. रेघ जरा जास्त दाबली की स्टेन्सिल फाटते, गोल काढला तर आतला तुकडा गळून पडतो आणि मग तेथे शाईचा गोळा उमटतो. काळी जागा भरून काढता येत नाही, ती बारीक रेघांच्या जाळीने सुचवावी लागते. ताई, आपल्या चार अंकांतली चित्रे सफाईदार असतील तर ती ज्याने काढली त्याचा हात कोठेतरी तयार झालेला असला पाहिजे. आपल्या गावात ते अशक्य नाही. बाबूराव पेंटरांच्या काळापासून येथे सिनेमाची पोस्टरे रंगवणाऱ्या आणि पाट्या रंगवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे, आणि चित्रकलेच्या वर्गाला न गेलेली मुलेही त्यांच्या हाताखाली शिकत.

जपणुकीविषयी. सर्वांत आधी जांभळी पाने चांगल्या यंत्रावर, रंगीत, मोठ्या स्पष्टतेने स्कॅन करून घ्यावीत. काळ्या-पांढऱ्यात घेऊ नयेत, कारण फिकट जांभळा रंग त्यात हरवतो. संगणकावर रंगांचा भेद वाढवला की डोळ्यांना न दिसणाऱ्या ओळीही पुष्कळदा वाचता येतात. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्रत्येक पानामध्ये आम्लविरहित कागद घालून अंक आडवे ठेवावेत. पोथ्या लाल कापडाच्या बासनात बांधून ठेवण्याची आपली रीत उजेड आणि धूळ या दोहोंपासून जपते, तीच येथेही चालेल, मात्र रंग न सोडणारे सुती कापड घ्यावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जमिनीलगतच्या कपाटात कागद ठेवू नयेत. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले तेथे जुन्या कागदांचा लगदा झालेला मी पाहिला आहे.

मूळ प्रती घरातच ठेवायच्या की ग्रंथालयाला द्यायच्या हा कुटुंबाचा निर्णय आहे. पण स्कॅनचा एक संच शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाला किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराला देण्याविषयी जरूर चौकशी करावी.

निपाणीकर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तरी एका मुद्द्यावर मला वेगळे म्हणायचे आहे. ‘फॅनझिन’ हा शब्द लावला की काकांनी अमेरिकेतील चळवळीचे अनुकरण केले असा समज होतो. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत हस्तलिखित वार्षिक काढण्याची मोठी प्रथा होती, गणेशोत्सवात मंडळेही हस्तलिखिते काढत, आणि सुबक अक्षराचा व चित्रकलेचा हात असलेली मुले त्यातूनच पुढे येत. दुसरीकडे साहित्यातील अनियतकालिकांची चळवळ होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या तरुण कवींनी काढलेला ‘शब्द’ हा सायक्लोस्टाइल केलेलाच होता, आणि साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ असे अंक निघाले. १९७४ साली कोल्हापुरात बसून चार मुलांना आपला अंक काढावासा वाटला, तर त्यांच्यासमोर डेट्रॉइट असण्याची शक्यता कमी आणि हस्तलिखिताचा अनुभव असण्याची अधिक आहे. मी याला ‘हौशी अनियतकालिक’ म्हणेन.

मात्र या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो ताईंनी तपासावा. हस्तलिखिताची प्रत एकच असते. ते शाळेच्या काचेच्या कपाटात राहते आणि वाचणारे सगळे एकमेकांना ओळखतात. ‘जुनीपाने’ यांनी वर्णन केलेले अंक मात्र टपालावर जगत. अनोळखी माणसे एका आवडीपोटी एकमेकांना शोधून काढतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. काकांच्या अंकांतली पत्रे कोणाची आहेत? गल्लीतल्या मित्रांचीच असतील तर ते हस्तलिखिताचे पुढचे पाऊल आहे. बाहेरगावची असतील तर मात्र ‘जुनीपाने’ म्हणतात त्या जातीची गोष्ट कोल्हापुरात स्वतंत्रपणे उगवली असे म्हणावे लागेल, आणि ती अधिक मोलाची आहे.

आणखी एक. हे अंक लगेच आंतरजालावर टाकू नयेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्यांच्या वारसांकडे राहतो. अडत दुकानातल्या दिवाणजीची कथा ज्यांनी मिळून केली त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची संमती घ्यावी. वेताळ तर मुळातच दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

करवीरकन्या

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. शाईदौत काकांनी सांगितल्याप्रमाणे जांभळी पाने रंगीत स्कॅन करून घेतली. पहिल्या अंकाच्या संपादकीयातल्या, पूर्णपणे पुसल्या गेल्या असे वाटत होते त्या अकरा ओळींपैकी नऊ वाचता आल्या.

निपाणीकर सरांच्या प्रश्नाचे उत्तरही ट्रंकेतच होते. तिच्या झाकणाच्या आतल्या खणात पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आहे. त्यांवर सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज, बेळगाव आणि निपाणी येथील शिक्के आहेत. अंक बुक-पोस्टाने जात असत, कारण एका वहीत प्रत्येक अंकाच्या किती प्रती कोठे गेल्या आणि तिकिटांना किती पैसे लागले याचा हिशेब आहे. सर्वांत जास्त प्रती तिसऱ्या अंकाच्या, ६४, गेल्या आहेत. बेळगावच्या एका मुलाने काकांना कळवले आहे की मूळ मालिकेतील ‘बंगाला’ हा देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ होतो, आणि सिंग नावाचे समुद्री चाचे ‘सिंगा’ होतात, हे त्याने जुन्या वीकलीवरून ताडून पाहिले आहे. काकांनी पुढच्या अंकात त्याचे नाव घेऊन ही नोंद छापली आहे. हे दोघे कधी भेटले होते काय, हे कार्डांवरून कळत नाही.

जुनीपाने

ताई, ही नोंद खरी आहे. भारतीय वाचकांना आपल्या देशाची आठवण होऊ नये म्हणून इंद्रजालने ती नावे बदलली होती. एका शाळकरी मुलाने १९७० च्या दशकात हे स्वतःच्या बळावर शोधले आणि छापून आणले, याचे मला फार कौतुक वाटते.

काकांच्या दोन चित्रकारांची नावेही आता जोडून देता येतील. ‘साध्या रेषेचा’ म्हणजे बहुधा विल्सन मॅकॉय, ज्यांनी १९४० च्या दशकापासून १९६१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत फँटम काढला, आणि ‘दाट सावल्यांचा’ म्हणजे साय बॅरी, ज्यांनी १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ तो काढला. मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या इंद्रजालमध्ये या दोघांच्याही कथा पुढे-मागे येत असत, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होणे साहजिक होते. काकांची यादी मॅकॉय-बॅरी अशी लावून पाहिली तर किती कथा बरोबर ओळखल्या होत्या ते समजेल. मला ती यादी पाहायला मिळाली तर मी ताडून देईन.

मागच्या वेळी एक गोष्ट राहून गेली. कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या १९५४ च्या पुस्तकाने अमेरिकेत मोठे वादळ उठवले आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. त्याच वर्थम यांनी १९७३ मध्ये फॅनझिनवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि तरुणांनी पैशाच्या अपेक्षेशिवाय चालवलेल्या या पत्रव्यवहाराची मनापासून स्तुती केली. कॉमिक्सवरचा त्यांचा राग रसिक विसरले नव्हते, त्यामुळे त्या पुस्तकाचे स्वागत थंडपणे झाले. पण या अंकांना गंभीरपणे पाहणारे ते फार लवकरचे पुस्तक आहे आणि ज्यांना वर्थम आवडत नाहीत त्यांनीही ते वाचावे, असे मला वाटते.

करवीरकन्या

काही दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. वहीतल्या हिशेबात ज्यांचे नाव वारंवार येते ते काकांचे मित्र उत्तरेश्वर पेठेत राहतात असे कळले आणि रविवारी मी स्कॅन घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांनी पाने हातात घेतली आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. नंतर मात्र तीन तास बोलले. शाईचे पैसे कसे जमवत, एका ओळखीच्या कचेरीतील यंत्र सुटीच्या दिवशी कसे वापरायला मिळे, आणि सातवा अंक तयार असूनही काकांना नोकरीसाठी पुण्याला जावे लागल्यामुळे तो कसा राहिला, हे त्यांनी सांगितले.

मी त्यांना म्हणाले की, काका इतकी सुंदर चित्रे काढत हे आम्हाला कधीच माहीत नव्हते. ते म्हणाले, “अगं पोरी, तुझे काका लिहायचे. यादी, पत्रे, संपादकीय सगळे त्यांचे. चित्रे त्यांची नाहीत.” अडत दुकानातला दिवाणजी, त्याचे फडके आणि त्या रात्रीच्या बारीक जाळीच्या सावल्या हे सारे त्यांच्या आणखी एका मित्राने काढले होते. तो लक्ष्मीपुरीत एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकत होता. नायकाची कल्पनाही त्याचीच, कारण त्याचे वडील यार्डात हमाल होते आणि काट्यात काय चालते हे तो घरी ऐकत असे. अंकावर नाव घालू नका असे त्यानेच सांगितले होते. फुकटच्या कामात वेळ घालवतो असे पेंटर म्हणतील, ही भीती होती. पुढे तो गाव सोडून गेला आणि कोठे आहे ते त्यांना ठाऊक नाही.

शाईदौत काकांनी हात तयार असला पाहिजे असे लिहिले होते, ते अगदी खरे ठरले. मी या संग्रहाची सूची करायला घेतली होती आणि तिच्यात चित्रकाराच्या रकान्यात सहाही अंकांपुढे काकांचे नाव लिहिले होते. घरी आल्यावर ते खोडले. अंक ४, ५ आणि ६ यांच्यापुढे आता त्या मित्राचे पूर्ण नाव आहे आणि त्याखाली हे कोणी, कोणत्या तारखेला सांगितले याची नोंद आहे. अंक १ ते ३ मधील लहान चित्रे कोणाची हे त्यांना आठवत नाही, म्हणून ते रकाने सध्या मोकळे ठेवले आहेत. लक्ष्मीपुरीत त्या काळी पाट्या रंगवणाऱ्यांपैकी कोणाच्या ओळखीचे कुटुंब येथे कोणाला माहीत असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.